लोअर आर्म बुश, ४० सेटची सामायिक ऑर्डर: कामाच्या नोंदी

गाडी साधारण तीस वर्षं जुनी हॅचबॅक. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर एकत्र असलेला खांब), खाली एल आकाराचा लोअर आर्म (चाकाला बॉडीशी जोडणारा हात). आर्मवर दोन बुश (सांध्यात धक्के खाणारे लवचिक गोल तुकडे) असतात. पुढचा लहान, त्याचा बोल्ट गाडीच्या लांबीच्या दिशेने आडवा. मागचा मोठा, त्याचा बोल्ट उभा. मूळ रबरी बुश बनणं बंद झालं आहे, आणि जुन्या साठ्यातले मिळाले तरी त्यांचं रबर डब्यातच कडक झालेलं असतं. म्हणून पॉलियुरेथेनमध्ये (रबरासारखा, साच्यात ओतता येणारा माल) एकत्र ऑर्डर काढली.

खर्चाचे आकडे चलनात दिलेले नाहीत. २० सेट केले असते तर एका सेटला जो खर्च आला असता तो १०० धरला आहे. लांबी, व्यास सगळं मिलिमीटरमध्ये.

दिवस १

यादी उघडली. पहिल्याच दिवशी मागण्या सुरू: स्टॅबिलायझर बारचे बुशही घ्या, बॉल जॉइंट घ्या, लाल रंगात द्या, काळ्यात द्या. सगळ्यांना नाही म्हटलं. स्टॅबिलायझर बार वेगवेगळ्या जाडीचे निघतात, म्हणजे दोन साचे आले. बॉल जॉइंट (आर्म आणि चाकामधला सांधा) तुटला तर चाक निखळतं, तो असल्या ऑर्डरीत करायचा भागच नाही. रंगाचं कारण नंतर कळलं, ते पुढे येईल.

ठरलं ते एवढंच: पुढचा बुश, मागचा बुश, त्यांच्या स्लीव्ह (बुशच्या भोकातली धातूची नळी, तिच्यातून बोल्ट जातो). प्रत्येक सेटमध्ये पुढचे अर्धे तुकडे ४ (एका बुशचे दोन), पुढच्या स्लीव्ह २, मागचे पूर्ण बुश २.

दिवस ६

मोजमाप. ११ आर्म गोळा केले आणि बुश प्रेसवर काढले. रबर जाळून बुश काढायची सवय अनेकांना आहे, ती सोडावी. धूर विषारी असतोच, शिवाय घराच्या (आर्ममधलं बुश बसायचं गोल भोक) आतल्या बाजूला काजळी आणि वितळलेलं रबर असं चिकटतं की ते घासताना मापच बदलतं. प्रेस नसेल तर बाहेरचं पत्र्याचं कवच हॅकसॉने आतून एका जागी कापून आत दुमडावं. ब्लेड आर्मला लागू देऊ नये, तिथे ओरखडा पडला की पुढे तिथूनच चीर जाते.

पुढच्या बुशचं घर, बोअर गेजने: ३८.०० ते ३८.१४. एक आर्म ०.२२ अंडाकृती निघाला, तो बाजूला काढला. सुरुवातीला व्हर्नियरने मोजत होतो. त्याच आर्मवर दोघांची मापं ०.१ ने वेगळी यायला लागली तेव्हा ते थांबवलं. अर्धा दिवस वाया.

जुन्या स्लीव्हची लांबी: ४९.९ ते ५०.१. ड्रॉइंगवर ५०.० लिहिलं. ही चूक होती, दिवस ३३ पाहा.

दिवस १४

१२वा आर्म आला आणि त्याचं घर ४० निघालं. बारकाईने पाहिल्यावर लक्षात आलं की नंतरच्या काही गाड्यांना वेगळा आर्म होता, बाहेरून जवळजवळ तसाच. फरक एकच दिसतो: घराच्या बाहेरचा व्यास ३८वाल्याला ४६ आणि ४०वाल्याला ४८.

दुसरा साचा केला तर साच्याचा खर्च जवळपास दुप्पट, आणि तो वाटून घेणारे मोजकेच. ४०वाला आर्म वगळला. प्रत्येक इच्छुकाकडून आता आर्मवर व्हर्नियर लावलेला फोटो मागतो. गाडीचं वर्ष विचारत नाही. तीस वर्षांत आर्म कितीदा बदलला गेला असेल ते मालकालाही ठाऊक नसतं.

दिवस २१

चार ठिकाणचे दर आले. मिळून हिशोब असा: स्थिर खर्च (साचे, गेज, नमुने) १३६० आणि प्रत्येक सेटमागे ३२. म्हणजे २० सेटला १००, ३० ला ७७, ४० ला ६६. सत्तर सेटना ५१ वर येतं, त्याच्या वर फार फरक पडत नाही.

हे गणित सगळ्यांना दाखवलं. कारण "शंभर जण झाले की स्वस्त होईल" असं म्हणत थांबणारे नेहमी असतात, आणि त्यांच्यासाठी थांबलं की आधीचे गळायला लागतात. ४० वर बंद करायचं ठरवलं.

दिवस २४, पैशांचे नियम

नोंदणीला १०, बाकी ऑर्डरच्या आधी. साचा कापायला दिल्यावर १० परत नाही. नंतर कोणाला बाहेर पडायचं असेल तर त्याने स्वतः बदली माणूस आणायचा. खातं वेगळं, दोघांना दिसणारं, खर्चाची प्रत्येक पावती सगळ्यांसाठी उघडी. साच्याची मालकी गटाची, हे साचा करणाऱ्याकडून लेखी घेतलं. ते नसेल तर पुढच्या वेळी त्याच साच्यासाठी पुन्हा पैसे मोजावे लागतात.

नावं दिली होती ६१ जणांनी. १० भरले ४३ जणांनी.

दिवस ३३

एकाकडे न उघडलेला मूळ बुश निघाला. त्याची स्लीव्ह ५०.३०. जुन्या स्लीव्ह कमी का भरत होत्या ते लगेच दिसलं: मूळ स्लीव्हच्या दोन्ही टोकांना बारीक दाते असतात, ते ब्रॅकेटमध्ये रुततात. तीस वर्षांत दाते झिजले, गंजले, म्हणून ०.२ ते ०.४ कमी.

हा फरक किरकोळ नाही. पॉलियुरेथेनच्या बुशमध्ये बोल्टने स्लीव्ह दाबली गेली पाहिजे आणि बुश तिच्याभोवती मोकळा फिरला पाहिजे. स्लीव्ह बुशपेक्षा लांब हवी. ती कमी पडली की ब्रॅकेटचे दोन्ही पत्रे बुशच्या कॉलरवर (घराबाहेर राहणारी कड) दाबतात, आर्म जड होतो आणि महिनाभरात करकर सुरू होते. बुशची बसवल्यावरची रुंदी ५०.०, स्लीव्ह ५०.३. ५०.० लिहिलेलं ड्रॉइंग बी रद्द, ड्रॉइंग सी काढलं.

बी कुणाकुणाकडे गेलं होतं त्याची नोंद ठेवली नाही. हे लिहून ठेवतोय, कारण पुढे याचीच किंमत मोजली.

दिवस ४१, स्लीव्हचे नमुने

६ नमुने साध्या माइल्ड स्टीलचे करून आणले. बाहेरचा व्यास १८, भोक १२.२, टोकांना ०.५ चॅम्फर (कडेची तिरकी कापणी). एक ब्रॅकेटमध्ये घालून एम१२, ८.८ ग्रेडचा बोल्ट पूर्ण टॉर्कने आवळला, सोडला, मोजला. लांबी ०.०६ ने कमी. पुन्हा आवळला, आणखी थोडी कमी. म्हणजे स्लीव्ह दबत होती. अशा स्लीव्हवर बोल्ट गाडीत काही दिवसांत सैल होतो.

कागदावर आधीच मांडायला हवं होतं. या बोल्टचा ताण सुमारे ३६ किलोन्यूटन. १८ आणि १२.२ मधलं क्षेत्र १३७ चौरस मिमी, म्हणजे २६० मेगापास्कलच्या वर. माइल्ड स्टील २५० च्या आसपासच दबायला लागतं. त्यात चॅम्फरने टोकाचं क्षेत्र ९० वर आणलं होतं, तिथे ४०० च्या आसपास.

बदल दोन. धातू सी४५ (मध्यम कार्बनचं पोलाद), क्वेंच-टेंपर केलेली (तापवून, बुडवून कडक केलेली) सळई. नुसती नॉर्मलाइज केलेली सी४५ या जाडीला पुरत नाही, तिच्या टोकालाही ताण तिच्या मर्यादेच्या वर जातो. आणि चॅम्फर ०.२५, त्यामुळे टोकाचं क्षेत्र ११३ झालं. नव्या नमुन्यावर तीनदा आवळून लांबीत फरक नाही.

व्यास वाढवून माइल्ड स्टीलच का ठेवलं नाही, असं विचारलं गेलं. स्लीव्ह जाड केली की बुशची भिंत पातळ होते, आणि रस्त्याचे धक्के खायला उरतं ते कमी.

बाहेरची फिनिश आरए (पृष्ठभागाच्या खडबडीतपणाचं माप) ०.८ किंवा बरी. पहिल्या नमुन्यांवर लेथच्या टूलच्या रेघा नखाला लागत होत्या. तशा रेघा पॉलियुरेथेनला कानशीसारखं घासतात.

दिवस ५२, पुढच्या बुशचे नमुने

दोन गोष्टी एकदम बिघडल्या.

पहिली: साच्याचं माप काढताना आकुंचन १.५ टक्के धरलं होतं, प्रत्यक्षात १.२ आलं. ३८.२ हवं होतं, ३८.३ मिळालं. साचा मोठा करता येतो, लहान करता येत नाही. म्हणून पहिला साचा नेहमी थोडा लहान कापावा. आम्ही नेमक्या मापाचा कापला होता. आता पोकळीत ३८.६६ ची इन्सर्ट (आत बसवायचा तुकडा) बसवावी लागली.

दुसरी: टेबलावर बुशच्या भोकात स्लीव्ह सहज जात होती. बुश आर्ममध्ये दाबून बसवल्यावर ती शिरेचना. पॉलियुरेथेन दाबलं म्हणून आकारमानाने कमी होत नाही, दुसरीकडे सरकतं. बाहेरून ०.२५ दाबलं आणि लांबीत पसरायला जागा नसेल, तर आतलं भोक ०.५ ने आवळतं, कारण आतला व्यास बाहेरच्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. रीमर मारून भोक मोठं करायचा प्रयत्न एकाने केला. मऊ माल रीमरपुढून सरकतो आणि भोक ओबडधोबड निघतं. तो मार्ग बंद.

उपाय: दोन अर्ध्या तुकड्यांमध्ये मधोमध १ मिमी फट ठेवली, म्हणजे माल तिकडे सरकतो. भोकाची पिन बदलून मोकळं भोक १८.१५ केलं. ३८.२ च्या तुकड्यांवर, चांगल्या १० आर्ममध्ये बसवून मोजलं: १७.९ ते १८.१. १८ ची स्लीव्ह ग्रीस लावून हाताने किंवा व्हाइसच्या हलक्या दाबाने जाते, डगडग नाही.

तेव्हापासून बुशचं भोक फक्त आर्ममध्ये बसवल्यावर मोजतो.

दिवस ५४, कडकपणा

पुढचा ८० शोर ए (रबरासारख्या मालाच्या कडकपणाचं माप), मागचा ७० सांगितला होता. आमच्या मीटरवर पुढचा ८८ दाखवत होता. साचेवाल्याशी दोन दिवस वाद. चूक आमची निघाली. मोजलं होतं कॉलरवर, तो ४ मिमी जाड आणि खाली लोखंडी टेबल. पातळ तुकड्यावर मीटर खालच्या लोखंडाचाही कडकपणा मोजतं. निदान ६ मिमी जाड, सपाट तुकडा लागतो, आणि गोल पृष्ठभागावरचा आकडा धरायचा नसतो. आता प्रत्येक घाण्यासोबत एक चपटी चकती ओतायला सांगितली आहे. चकतीवर ८१.

८० का, ९५ का नाही, हा प्रश्न सतत येतो. या आर्ममध्ये चाक खड्ड्यात आपटलं की आर्म पुढच्या बुशभोवती किंचित वळतो आणि मागचा बुश आडव्या दिशेने दबतो. चाकाला मागे सरकायला जागा मिळते ती तिथेच. पुढचा ९५ केला तर तो वळणं अडतं आणि धक्का थेट ब्रॅकेटला जातो. जुन्या गाडीचं ब्रॅकेट तिथेच चिरतं. मागच्या बुशमध्ये म्हणूनच दोन्ही बाजूंना, आतल्या आणि बाहेरच्या, मूत्रपिंडाच्या आकाराच्या पोकळ्या ठेवल्या, मुळातही होत्या. भरीव करा म्हणणाऱ्यांना नाही म्हटलं. शिवाय मागचा बोल्ट उभा असल्याने आर्म वरखाली होताना तो बुश तिरका होतो. भरीव आणि कडक केला तर आर्मच अडकतो.

दिवस ६३, मागचा बुश, चिकटण

मागचा बुश मोकळा फिरणारा नाही. आतली स्लीव्ह आणि बाहेरचं कवच दोन्हींना पॉलियुरेथेन ओततानाच चिकटवलं जातं. ४ नमुने प्रेसवर फोडून पाहिले. तिघांत माल फाटला आणि धातूवर थर राहिला, हे बरोबर. एकात धातू चकचकीत कोरा निघाला. म्हणजे चिकटलंच नव्हतं.

कारण: ब्लास्टिंग (बारीक कणांचा मारा करून धातू साफ करणं) केलेले तुकडे रात्रभर तसेच ठेवले होते आणि सकाळी उघड्या हातांनी उचलले होते. अट लिहून दिली: ब्लास्टिंगनंतर त्याच पाळीत प्रायमर, हातमोजे घालून, मधे तेलाचा हात नको. पुढचे ६ नमुने फोडले, सहाही मालातच फाटले.

मागच्या स्लीव्हला जिंक प्लेटिंग नाही, त्यावर चिकटण भरवशाची नसते. उघड्या राहणाऱ्या भागाला नंतर रंग, पण बोल्टखाली येणारी टोकं कोरी. तिथे रंग राहिला की तो दाबाखाली बसतो आणि बोल्ट सैल होतो.

दिवस ७० ते ९८, गाडीवर चाचणी

तीन गाड्यांवर बसवले, मिळून सुमारे २५०० किमी.

एका गाडीत खड्ड्यात धाडधाड धक्का. मागचा बुश ९० अंश फिरवून बसवला होता, पोकळ्या आतबाहेर न येता पुढेमागे आल्या. काढून दुसरा नमुना नीट बसवला, ठीक. कवच प्रेसने बसतं, एकदा काढलं की ते पुन्हा वापरायला मन धजत नाही, त्यामुळे एक नमुना गेला. कवचावर दोन खाचा द्यायचं ठरलं: दोन्ही खाचा जोडणारी रेघ गाडीला आडवी आली पाहिजे. डाव्या-उजव्या दोन्ही आर्मना तीच खूण चालते, हे बसवून तपासलं.

दुसऱ्या गाडीत आठवड्यात करकर. पुढच्या बुशला साधं पेट्रोलियम ग्रीस लावलं होतं. सिलिकॉनचं, पीटीएफई (टेफ्लॉन) असलेलं ग्रीस लागतं. ते साध्या ग्रीससारखं धुऊन जात नाही, चिकटून राहतं. प्रत्येक सेटमध्ये त्याची पुडी घालायची, १० ग्रॅम पुरते. भोकात आडव्या-उभ्या बारीक खाचा साच्यातूनच ठेवल्या आहेत, ग्रीस तिथे राहतं.

तिन्ही गाड्यांचं अलाइनमेंट बदललं, टो (चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळल्याचं माप) आत आला होता. बुश बदलल्यावर अलाइनमेंट करायचंच, हे सूचनेत वर टाकलं.

दिवस १०४, ऑर्डर

उरलेले पैसे मागितल्यावर ४३ चे ३६ झाले. सेट ४० करायचे होते, ४ जास्तीचे. पैसे भरणाऱ्या ३६ वर ४० चा खर्च: १३६० अधिक ४० गुणिले ३२, भागिले ३६, म्हणजे ७३. अडचणीला धरून ८० घेतले. काही जण कुरकुरले. हिशोब समोर होता, वाद वाढला नाही.

प्रत्यक्ष आकडे असे दिले: पुढचे अर्धे तुकडे १७०, पुढच्या स्लीव्ह ८४, मागचे बुश ८४. सुमारे पाच टक्के जास्त.

स्लीव्हचा व्यास प्लेटिंगआधी १७.९८. ८ ते १० मायक्रॉन जिंक दोन्ही बाजूंनी चढतं, त्यामुळे १८.०० होतो. सी४५ या कडकपणाला प्लेटिंगनंतर भाजायची गरज नाही. बोल्ट मात्र प्लेटिंगला पाठवायचे नाहीत: जास्त ताकदीचा बोल्ट प्लेटिंगमध्ये हायड्रोजन शोषतो आणि नंतर एकाएकी तुटतो. दोघांनी आपले १०.९ चे बोल्ट "बरोबर चमकवून द्या" म्हणून पाठवले होते, परत पाठवले.

दिवस १३१

स्लीव्ह प्लेटिंग होऊन आल्या. पहिलीच मोजली: ५०.०. दुसरी ५०.०. ८४ च्या ८४ ड्रॉइंग बी प्रमाणे.

नमुने सी प्रमाणे केले होते, पण त्या वेळी मोजमाप तोंडी सांगितलं होतं. मोठ्या ऑर्डरच्या वेळी टर्नरने फाइलमधला कागद काढला, आणि फाइलमध्ये बी होतं. आमच्या ऑर्डरवर "ड्रॉइंगप्रमाणे" एवढंच लिहिलेलं. त्याला कसा दोष देणार?

वाचवायचा विचार केला. ०.३ चा शिम (पातळ चकती) घातला तर बसवताना तो पडतो, आणि आर्मच्या आत दिसतही नाही. बुशच्या कॉलरवरून ०.३ काढता येईल, पण ब्रॅकेटचे पत्रे तरी आत ओढले जाणारच. सगळ्या भंगारात टाकल्या.

टर्नरने निम्म्या मजुरीवर पुन्हा केल्या. तरी २१० च्या जागी १३० गेले, प्लेटिंग पुन्हा ८४. वेळ: २४ दिवस. जुनी सर्व ड्रॉइंग सगळ्यांकडून परत मागवली, फाडली, आणि आता ऑर्डरवर अक्षर आणि तीन मुख्य मापं दोन्ही लिहितो. सोबत गो, नो-गो गेज दिला: ५०.२५ च्या खाचेत स्लीव्ह गेली नाही पाहिजे, ५०.३५ च्या खाचेत गेली पाहिजे. पन्नासावर संपलेली स्लीव्ह त्या गेजवर पाच सेकंदांत पकडली गेली असती.

दिवस १४९

मागचे बुश आले. रंग का नाही म्हटलं ते इथे कामाला आलं. रंग न घातलेलं हे पॉलियुरेथेन मधासारखं, अर्धपारदर्शक असतं. पोकळीतून बॅटरीचा उजेड टाकला की आतले फुगे दिसतात. काळ्या रंगात काही दिसलं नसतं. (उन्हात ते नंतर तपकिरी होतं, त्याने ताकदीत फारसं बिघडत नाही.)

८४ पैकी १९ मध्ये फुगे, बहुतेक आतल्या स्लीव्हला लागून. पॉलियुरेथेन ओतताना ओलावा असला की त्यातल्या आयसोसायनेटशी पाण्याची क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो. स्लीव्ह गार होत्या, त्यांच्यावर दव धरलं होतं. फुगे स्लीव्हलाच का चिकटलेले होते ते त्यावरून कळलं. साचेवाल्याने १९ स्वतःच्या खर्चाने पुन्हा केले: स्लीव्ह आणि कवचं १०० अंशांवर तापवून, माल व्हॅक्यूममध्ये गॅस काढून, ओतल्यावर १०० अंशांवर १६ तास. १६ दिवस गेले, नवीन १९ मध्ये फुगा नाही.

ओलाव्याचा दुसरा मुद्दा मालाच्या जातीचा. पॉलिएस्टर जातीचं पॉलियुरेथेन ओल्या हवेत वर्षानुवर्षांत चिघळतं, तुकडे पडतात. पॉलिइथर जात घेतली आहे, ऑर्डरवर ते नावाने लिहिलं.

दिवस १६६, तपासणी

पुढचे तुकडे १७० पैकी ६ बाद: कॉलरवर साच्याच्या जोडाची धार राहिली होती, ती काढताना कापले गेले. उरले १६४, लागतात १६०. स्लीव्ह ८४ पैकी १ बाद, भोकात जिंक गाठीसारखं जमलेलं. मागचे ८४ पैकी २ बाद, कवचाला पोचा. पाच टक्के जास्त मागवले नसते तर पुढच्या तुकड्यांत कमी पडलो असतो.

तीन आर्ममध्ये प्रत्यक्ष बसवून पाहिले. आर्म हाताने वर करून सोडला की हळू खाली येतो, अडत नाही.

दिवस १७१, पॅकिंग

४० पिशव्या. पहिल्या दहा मोजून भरल्या, त्यातल्या दोनमध्ये तुकडे चुकले: एकीत तीन अर्धे, एकीत पाच. त्यानंतर बरोबर भरलेली एक पिशवी तराजूवर ठेवून बाकीच्या सगळ्या वजनावर तपासल्या. एका अर्ध्या तुकड्याचा फरक तराजूवर स्पष्ट दिसतो. तासाभरात काम झालं.

पिशवीत एक पान:

पुढचा बुश: घर पॉलिश पेपरने साफ करा, खड्डे असतील तर गंज काढा पण घर मोठं करू नका. भोकात आणि कॉलरच्या आतल्या तोंडाला ग्रीस. दोन अर्धे दोन्ही बाजूंनी हाताने किंवा व्हाइसने, मग स्लीव्ह. बोल्ट हवेत आवळला तरी चालतो, कारण बुश स्लीव्हवर फिरतो. रबरी बुशसारखं गाडी जमिनीवर टेकवून आवळायची गरज इथे नाही.

मागचा बुश: ग्रीस लावू नका. दाब फक्त बाहेरच्या कवचावर द्या, मधल्या स्लीव्हवर दिलात तर चिकटण फाटेल. खाचांची रेघ गाडीला आडवी.

टॉर्क गाडीच्या मॅन्युअलमधला. ५०० किमीनंतर बोल्ट पुन्हा तपासा. अलाइनमेंट करा.

दिवस २०५, बसवल्यानंतरच्या तक्रारी

३६ पैकी २७ जणांनी बसवल्याचं कळवलं. तक्रारी चार.

दोन करकरीच्या. दोघांनीही पुडीतलं ग्रीस फक्त बाहेरच्या बाजूला लावलं होतं, भोकात नाही. काढून लावल्यावर आवाज गेला.

एकाचा मागचा बुश दोन आठवड्यांत सुटला. फोटोत मधल्या स्लीव्हवर प्रेसच्या दांड्याची खूण स्पष्ट. जास्तीच्या सेटमधला एक दिला, फुकट. सूचना असूनही हे झालं, कारण पान मराठीतलं असो की कुठल्याही भाषेतलं, गॅरेजमध्ये ते पिशवीसोबत फेकलं जातं. आता कवचावरच लाल ठिपका: दाब इथे.

एकाला सेट बसलाच नाही, घर ४०. फोटो त्याने पाठवला होता, पण दुसऱ्या आर्मचा. गाडीला दोन बाजूंना दोन वेगळे आर्म निघाले. पुढच्या यादीत दोन्ही आर्मचे फोटो.

दिवस २१२, हिशोब

मूळ अंदाज २६४०. वाढ: स्लीव्ह पुन्हा १३०, प्लेटिंग पुन्हा ८४, साच्याची इन्सर्ट आणि नमुन्यांची दुसरी फेरी ५०, नेआण २६. एकूण २९३०. जमा ३६ गुणिले ८०, २८८०. जास्तीच्या ४ पैकी २ सेट ८० ला गेले, १६०. एक बदलीत मोडला, एक ठेवून दिला आहे. शिल्लक ११०, सेटमागे ३ परत केले.

ज्याचा सेट बसला नाही त्याने तो दुसऱ्या ३८वाल्याला स्वतः विकला.

वेळ: १२० दिवस सांगितले होते, पिशव्या निघाल्या १७८ व्या दिवशी. त्यात स्लीव्हचे २४ आणि फुग्यांचे १६ दिवस, काही दिवस दोन्ही बरोबरच चालले.

साचे साचेवाल्याकडेच आहेत, तेल लावून, गटाचं नाव कोरून. इन्सर्टचं माप ३८.६६, भोकाच्या पिनचं माप पिनेवरच कोरलं आहे. ड्रॉइंग सध्याचं डी: त्यात मागच्या कवचाच्या खाचा आणि लाल ठिपका आला. ए, बी, सी फाडलेले आहेत.